भिंत किती इंचाची?

आमच्या कॉलनीत त्यांना तोंडावर सगळे वायरमन म्हणायचे आणि पाठ वळली की चक्रम म्हणायचे. चक्रम म्हणणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला ऐकवायला नको. पण मी माझा शब्द मागे घेतला. बाकीच्यांनी घेतला नाही, आणि त्याचा मला इतका राग आहे की तो कुठंतरी उतरवून ठेवावा म्हणून हे लिहायला बसले. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी. माझं लिहिणं बोलल्यासारखंच होणार.

माणूस उंच, काटक, डोक्याला पांढरी जाळीची टोपी. शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि एक खडू. वायरमनच्या खिशात टेस्टर असतो हे कुणालाही कळतं. खडू कशाला, हे ज्याच्या घरी ते येऊन गेले त्यालाच कळायचं, आणि कळल्यावर त्या घरची बाई आठ दिवस बोंबलत बसायची.

घरात पाऊल टाकलं की नमस्कार नाही, पाणी नको, बसा म्हटलं तर ऐकायचं नाही. पहिल्यांदा तळवा भिंतीला लावायचे, वैद्य नाडी बघतो तसा, आणि विचारायचे, "भिंत किती इंचाची?"

आता कुणाला माहीत असतं हो? माणूस गडबडायचा. मग दुसरा प्रश्न यायचा, "घर तुमचं का भाड्याचं?"

"आमचंच की."

"आणि भिंत म्हाईत न्हाय? मग कसलं तुमचं? ज्याला आपल्या घराची भिंत किती इंचाची हे सांगता येत न्हाय, त्यो आपल्याच घरात भाडेकरू हाय."

हे त्यांनी आमच्या कोपऱ्यावरच्या वकिलांना त्यांच्या अशिलासमोर ऐकवलं होतं. वकिलांनी त्यांना दारातून परत पाठवलं. चौथ्या दिवशी वकिलीणबाई स्वतः बोलवायला गेल्या, कारण त्यांच्या दारावरचा कॅमेरा दुसऱ्या कुणाला लावता येईना.

जन्मभर त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी गणपतीच्या मंडळांना लायटिंग केलं. मोहरमला पंज्यांच्या मांडवातही दिवे यांचेच. खांबावर चढून चढून गुडघे गेले, तेव्हा वयाच्या साठीनंतर हा माणूस बिनतारी काम शिकला. कुणी शिकवलं नाही. डबा उघडायचा, बघायचा, बिघडवायचा आणि परत नीट करायचा. "वायर गेली, वायरमन ऱ्हायला," असं म्हणायचे आणि स्वतःच फिस्सकन हसायचे. हसले की एवढंच हसायचे. बाकी दिवसभर राग.

राग कशावर? कंपन्यांवर. "डबा एक देत्यात, त्यातनं लाटा दोन निघत्यात, आणि सांगत कुणालाच न्हाईत!" मला हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मी तुम्हाला झोपेतही सांगेन. वायफायच्या डब्यातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. एक पळते जोरात, पण भिंत आली की बसते. दुसरी चालते सावकाश, पण दोन-तीन भिंती ओलांडून न्हाणीघरापर्यंत जाते. पहिलीला ते घोडं म्हणायचे, दुसरीला म्हस. "म्हस दिसायला मंद, पण आपल्या गोठ्याला बरोबर जाती. घोड्याला दार उघडून द्यावं लागतंय." आणि घरात लावायची जी यंत्रं असतात, कॅमेरा, बटणं, बल्ब, त्यांना घोड्याची भाषाच येत नाही. त्यांना फक्त म्हस कळते. पण कंपनीवाले दोघांना एकच नाव देऊन ठेवतात. फोन बसतो घोड्यावर, बल्ब शोधतो म्हशीला, दोघांची गाठ पडत नाही, आणि बोलणी कुणाला? घरातल्या म्हाताऱ्या बाईला.

म्हणून हे गृहस्थ काय करायचे, तर दोन्ही लाटांना वेगवेगळी नावं द्यायचे. खरोखरीच म्हस आणि घोडं, पुढं घरमालकाचं आडनाव. मग हातात फोन धरून घरभर चालायचे, आणि घोडं जिथं थकलं तिथं भिंतीवर खडूनं ही लांब उभी रेघ ओढायचे. "हितंपत्तुर घोडं. हितनं फुडं म्हस." नव्या रंगाची भिंत असो, पाहुणे बसलेले असोत, रेघ म्हणजे रेघ. पुसली तर पुढच्या वेळी यायचे नाहीत.

आता माझी गोष्ट. कोल्हापुरात कळंब्याला, जेलच्या अलीकडं आमचं घर आहे. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मी एकटी राहते आणि मला एकटीनं राहायला आवडतं, हे मी लाजत नाही सांगायला. पण मागच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि तासभर तिथंच पडून होते. मुलगा पुण्याला. तो घाबरला. घाबरणारच, माझंच लेकरू आहे. म्हणाला, "आई, आता इथंच ये. तुझी खोली तयार ठेवलीय." मी नाही म्हटलं. शेवटी तोडगा निघाला. दारावर कॅमेरा, स्वयंपाकघरात गॅसचा वास ओळखणारं यंत्र, आणि न्हाणीघरात हाताशी एक बटण. दाबलं की त्याच्या फोनवर बोंब. तिन्ही यंत्रं त्यानं स्वतः लावली आणि अट घातली. यंत्रं चालू आहेत तोवर तू तिथं. बंद दिसायला लागली, तर गाडी घेऊन येतो, घराला कुलूप.

त्याच्या फोनवर दिसायचं ना, कोणतं यंत्र चालू, कोणतं बंद. म्हणजे माझं घर माझ्या हातात नव्हतंच, त्याच्या फोनमधल्या तीन ठिपक्यांत होतं.

पावसाळ्यात कंपनीनं जुना डबा काढून नवा बसवला. तेव्हापासून ठिपके विझायला लागले. मुलाचा फोन, "आई, तू स्विच बंद केलास का?"

"न्हाई रे."

"आठव जरा."

हे दोन शब्द बघा. आठव जरा. तुम्ही साठीच्या पुढं असाल तर तुम्हाला माहीत आहे ते कसे लागतात. ते विचारणं नसतं. निकाल आधीच लागलेला असतो, सही तेवढी तुम्ही करायची. मला माझ्या लग्नात कुणी कुठला आहेर केला ते आठवतं. आणि मला स्विच आठवेना?

कंपनीचा माणूस आला. चांगला मिशा असलेला बाप्या. त्यानं डबा बघितला आणि हसला. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. खंडेनवमीला आपण विळी, कोयता, शिलाई मशीन पुजतो, तसा मी डबाही पुजला होता. त्या डब्यावर माझं घर टिकून होतं, मग नको पुजायला? तर तो माणूस माझ्यासमोर माझ्या मुलाला फोनवर सांगतो, "साहेब, काकूंनी मशीनला कुंकू लावलंय. त्यानंच गडबड हाय. वय झालं की असं होतंय."

मी त्याला म्हटलं, "तुझ्या मोटारसायकलला दसऱ्याला काय लावतोस रे? झेंडूचा हार घालून, लिंबू ठेवून आलास की न्हाई कामावर? कुंकवानं यंत्र बंद पडत असतं, तर त्या दिवशी सगळं कोल्हापूर ढकलत घरी गेलं असतं!"

तो गेला. ठिपके दोन दिवसांनी पुन्हा विझले. मुलगा म्हणाला, "आई, दिवाळी झाली की मी येतो न्यायला." आवाज चढवून नाही, मऊपणानं म्हणाला. त्याचीच जास्त चीड आली.

तेव्हा मी वायरमनना बोलावलं. ज्याला चक्रम म्हणत होते त्यालाच.

ते आले. तळवा भिंतीला. "आक्का, भिंत किती इंचाची?"

मी म्हटलं, "बाहेरच्या सगळ्या नऊ इंची. ही मधली साडेचार. न्हाणीघराची परत नऊ, ती माझ्या सांगण्यावरनं, ओल येऊ नये म्हणून. वीस दिवस सकाळ-संध्याकाळ मी पाणी मारलंय या भिंतींना, कडेवर पोरगं घेऊन."

त्यांनी हात भिंतीवरून काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मग तुमी मालकीण," म्हणाले आणि खाली बसले. ते कुणाच्या घरी बसलेले कॉलनीत कुणी बघितलं नव्हतं.

डब्याला हात न लावता त्यांनी मलाच विचारलं, "आक्का, आठवा."

तेच दोन शब्द बघा. पण हा माणूस वाट बघत होता हो! खडू हातात, मान पुढं, मी काय सांगते ते ऐकायला थांबलेला. "ठिपकं कवा कवा इझलं, ते एकेक करून आठवा. आणि त्या दिवशी लाईट गेलती का, त्ये बी."

मी आठवलं. पहिल्यांदा विझले तो सोमवार. मिक्सर अर्ध्यावर बंद पडला आणि लसणाची चटणी मला पाट्यावर वाटावी लागली. दुसऱ्यांदाही सोमवारच, आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाईट सोमवारीच घालवतात; गहू गिरणीत अडकले, गिरणीवाला म्हणाला लाईट आल्याबिगर पीठ न्हाई. असं एकेक सांगत गेले आणि ते जमिनीवर खडूनं रेघा मारत गेले. प्रत्येक रेघेला लाईट गेलेली. मग डब्यावरच्या हळदीकुंकवाच्या बोटांकडं बघत ते म्हणाले, "आणि खंडेनवमीला?"

मी म्हटलं, "तवा बी लाईट गेली आसंल."

"न्हाय गेली." शांतपणे म्हणाले. "माझी माळ देवीच्या मांडवात दिवसभर पेटलीती. लाईट गेली न्हवती, आक्का."

काय करणार? त्या दिवशी डबा पुजायला मीच प्लग काढला होता. तासभर. आणि मुलाला सांगितलं होतं की प्लगला हातसुद्धा लावला नाही.

"लपवलासा का?" ते म्हणाले.

"खरं सांगितलं असतं तर त्यानं बाकीच्या वेळांचं खापर बी माझ्यावरच फोडलं असतं."

त्यावर त्या माणसाचा चेहरा जो लाल झाला! मला वाटलं, आता मला बोलणार. पण ते उठले आणि डब्याकडं बोट करून ओरडायला लागले, जणू कंपनीचा मालक त्या डब्यात बसलाय. "ह्या वयाला हिला खोटं बोलाय लावलंसा व्हय रे! आपल्या घरात ऱ्हायाला चोरून बोलाय लावलंसा! दोन नावं द्यायला काय हात दुखत हुते काय?"

मग कामाला लागले. कारण सापडलंच होतं. लाईट जाऊन आली की डबा नव्यानं उठतो, दोन्ही लाटा एकाच नावानं हाका मारतात, आणि माझी साधीभोळी यंत्रं भांबावून बाहेरच उभी राहतात. त्यांनी नावं वेगळी केली. माझा फोन आधी म्हशीवर बसवला आणि मग एकेक यंत्र तिच्या हवाली केलं. साडेचार इंची भिंतीच्या पलीकडं पलंगाजवळ घोडं थकलं, तिथं रेघ ओढली. न्हाणीघरापर्यंत म्हस निवांत गेली.

आणि मग मुलाला फोन लावायला सांगितला. माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "पावणं, तुमची आई खोटं बोलली."

मी फोन घ्यायला हात पुढं केला.

"एकदा बोलली. खंडेनवमीला डबा काढला, पुजला, परत लावला. माझी पक्कड बी पुजलेलीच असती. आता ऐका. बाकी सगळ्या बारीला लाईट गेलती. तारखा तुमच्या फोनात असतील, तुमी ताडून बघा. आईला सगळं आठवतंय. कुणी इचारलंच न्हाय. आता फोनकडं बघत ऱ्हावा."

जाऊन मेन स्विच खाली ओढला. घरात सगळं बंद. मोठ्यानं वीस आकडे मोजले आणि वर केला. डबा उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. मला ती बाळंतपणाएवढी लांब वाटली. फोनमधून मुलाचा आवाज, "कॅमेरा आला... गॅसचं आलं..." आणि मग काहीच नाही. मी भिंतीला हात लावून उभी. "बटण आलं," मुलगा म्हणाला. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा तिन्ही आले. तिसऱ्या वेळेनंतर मुलगा म्हणाला, "आई, चुकलं माझं." मी म्हटलं, "माझं बी एकदा चुकलं." दिवाळीला तो आला तो फराळ करायला आला, कुलूप घेऊन नाही.

त्यानंतर दर सोमवारी, लाईट जाऊन आली की वायरमनचा फोन यायचा. बोलणं एवढंच, "आक्का, म्हस आली का परत?" "आली." फोन बंद. आणि कॉलनीतले लोक, ज्यांच्या घरी त्यांच्याच हातची म्हस नांदत होती, ते हसायचे. भिंतीवरची रेघ पाहुण्यांना दाखवून हसायचे. वकीलसाहेब सगळ्यांत जास्त.

मग एका सोमवारी फोन आला नाही. दुसऱ्याही सोमवारी नाही. तिसऱ्या सोमवारी मी लावला, तर बाईचा आवाज. त्यांची मुलगी, गडहिंग्लजला दिलेली.

"मावशी, अब्बांना आमी हिकडं आणलंय. खोलीवर सोल्डरिंगचं मशीन चालू ठेवून झोपले, गादी जळली. फोन पण मी काढून घेतलाय. कायपण करत्यात आता."

गादी त्यांनी जाळली होती. ते मी नाकारत नाही. एक गादी. पण एका गादीपायी माणसाचा फोन काढून घ्यायचा? मी दुसऱ्या दिवशी सकाळची गडहिंग्लज एसटी पकडली. निघताना मीटरच्या पेटीवर हात फिरवला. तिथं त्यांचा खडूचा तुकडा राहिला होता, तो पर्समध्ये टाकला.

घर नवं, बंगलाच म्हणा. आतून-बाहेरून आंब्याच्या रंगाचा नवा रंग. वायरमन पोर्चमध्ये खुर्चीवर बसलेले, हात गुडघ्यांवर. शर्टाचा खिसा रिकामा. टेस्टरसुद्धा नव्हता हो! मला बघून उठले, पण बोलले काही नाही. ज्या माणसानं वकिलाला सोडलं नाही, तो गप्प.

मुलगी चांगली होती. च्या टाकला, पोहे केले. जावईही घरीच होता, तोही वाईट नव्हता. पण बोलताना ती म्हणाली, "आता हितं बघा, पाण्याची मोटर. फोनवरनं बंद होती, तसलं बटण आमच्या ह्यांनी बसवलंय. तरी टाकी दोनदा भरून वाहिली. अब्बाच चालू ठेवत्यात." आणि वडिलांकडं वळून, मऊपणानं, "अब्बा, आठवा जरा, तुमीच बटण दाबलासा न्हवं?"

वायरमन म्हणाले, "आसंल."

आसंल! आयुष्यभर माणसाच्या आधी यंत्राची झडती घेणारा माणूस, आणि म्हणतो, आसंल. माझ्या हातातली बशी खाली आपटली. मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, पहिल्यांदा टाकी वाहिली, त्या दिवशी लाईट जाऊन आलती का?"

"व्हय, गेलती. टीव्हीवरची मालिका चुकली माझी."

"आणि दुसऱ्या बारीला?"

ती नवऱ्याकडं बघायला लागली. तो म्हणाला, "त्या दिवशी बी गेलती."

"तुमच्या वायफायच्या डब्याला नावं किती?"

"एकच," जावई म्हणाला. "कंपनीच्या माणसानं सांगितलंय, मावशी, एकच ठेवायचं. नवीन पद्धत हाय."

"मग मोटर चालू असताना लाईट गेली. आली तशी मोटर परत सुरू झाली, आणि बटण डब्यापासनं तुटलं. तुमचं फोनवरचं बंद तिकडं पोचलंच न्हाई. यात ह्यांनी काय केलं?" मी वायरमनकडं वळले. "सांगा की! मला शिकवलंसा आणि आता गप बसलासा?"

त्यांच्या डोळ्यात पाणी असेल, नसेल, मी बघितलं नाही. मी पर्स उघडली आणि खडू त्यांच्या हातात दिला.

मुलगी उठलीच. "मावशी, नवा रंग हाय ओ!"

"आसू दे," मी म्हटलं.

वायरमन आत आले. हॉलमध्ये उभे राहिले आणि तळवा भिंतीला लावला. बराच वेळ लावून धरला. मग जावयाकडं मान वळवली आणि पहिल्यासारखा खणखणीत आवाज काढला, "भिंत किती इंचाची?"

जावई बायकोकडं बघायला लागला. बायको छताकडं.

"काय गं," ते मुलीला म्हणाले, "तुमी हितं भाड्यानं ऱ्हातासा व्हय?"

आणि त्या आंब्याच्या रंगावर, वरपासून खालपर्यंत, हातभर लांब रेघ ओढली.